हेलन शपिरो : दोन वर्षांची राणी

लंडनच्या कोलंबिया कंपनीत नॉरी पॅरामर हा मुरलेला निर्माता एक नमुन्याची फीत ऐकत होता. आवाज भरदार, खर्जाकडे झुकणारा. हा गळा चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा आहे, हे त्याला खरेच वाटेना. (आपल्या घरोघरी फोनोवर जी कुत्र्याच्या छापाची तबकडी फिरत असे, तिचे आणि कोलंबियाचे मूळ घराणे एकच.)

ती मुलगी हेलन शपिरो. जन्म १९४६ चा, पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनचा. आईवडील शिवणकामाच्या धंद्यात नगावर मजुरी करणारे. घरात गाण्याची आवड होती, पण फोनो नव्हता. आपली पहिली तबकडी ऐकायला हेलनला शेजाऱ्यांचे यंत्र मागून आणावे लागले! ती तबकडी १९६१ साली तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘यू डोन्ट नो’ आणि ऑक्टोबरमध्ये ‘वॉकिन बॅक टू हॅपीनेस’ ही दोन्ही गाणी इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोचली. एवढ्या कोवळ्या वयात तो मान तोवर कोणा गायिकेला मिळाला नव्हता.

पुढच्या वर्षी ‘लिटल मिस लोनली’ आठव्या क्रमांकावर थांबले, आणि पहिल्या दहांत तिचे नाव पुन्हा दिसले नाही.

१९६३ च्या फेब्रुवारीत ती दौऱ्यावर निघाली. जाहिरातीत तिचे नाव मोठ्या अक्षरांत. खालच्या बाजूला लिव्हरपूलची चार नवखी पोरे, बीटल्स. त्यांनी तिच्यासाठी ‘मिझरी’ हे गाणे रचले, पण तिच्या निर्मात्याकडून नकार आला. ते मग त्याच दौऱ्यातल्या केनी लिंचने गायिले. दौरा चालू असतानाच त्या चौघांनी एका दिवसात दहा गाणी मुद्रित केली, त्यांत ‘मिझरी’ही होते. सभागृहातला आरडाओरडा आता कोणासाठी आहे, हे सोळा वर्षांच्या मुलीला कळत नसेल असे थोडेच आहे!

तिचा गळा खालावला म्हणून हे घडले, असे आम्हाला वाटत नाही. प्रौढ आवाजाला अल्लड पोरीची गाणी दिली गेली, आणि अल्लडपणाचे दिवस थोडेच असतात. पुढे हम्फ्री लिटल्टनच्या जॅझवृंदाबरोबर ती १९८४ पासून अनेक वर्षे गायिली. तिथे त्या आवाजाला त्याच्या मापाचे गाणे मिळाले. तोवर श्रोतेही निराळे होते, आणि तिचे वय कोणी विचारीत नव्हते.