पीनट बटर आणि मूत्रपिंडाचा हिशेब

मूत्रपिंडाचा जुना आजार असला की पीनट बटर बंदच, असं सरसकट म्हणता येत नाही. दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३२ ग्रॅम पीनट बटरमधून सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं, १८० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि १०० मिलिग्रॅमहून थोडं जास्त फॉस्फरस मिळतं. दाण्यांतलं बरंचसं फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेलं असतं, त्यामुळे त्यातलं थोडंच रक्तात उतरतं. प्रक्रिया केलेल्या पदार्थांत घातलेले फॉस्फेट क्षार मात्र बहुतांशी शोषले जातात. म्हणून बरणीवरची घटकांची यादी वाचावी आणि बिनमिठाचं निवडावं. खिचडीतलं दाण्याचं कूटही याच हिशेबात धरावं. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते, त्याआधी प्रथिनं बेताचीच ठेवतात. त्यामुळे चमचे किती, हे रक्ततपासणी पाहून आहारतज्ज्ञानेच ठरवावं.