अंगणातले मोठे वृक्ष (भाग ९) : अर्जुन की ऐन?

मुळशी-वेल्ह्याकडे शेतघरासाठी जागा घेतली की मालकाला कुंपणानंतर सुचते ती झाडं. देशी हवं, मोठं व्हायला हवं, लाकूड टणक हवं, अशी अट घातली की दोन नावं पुढे येतात : अर्जुन आणि ऐन. दोघेही टर्मिनॅलिया प्रजातीतले, हिरडा-बेहड्याचे भाऊबंद. दोघांच्याही फळाला पाच पंख. विदर्भात टसरच्या अळ्या दोघांचाही पाला खातात.

खोड पाहिलं की मात्र गोंधळ उरत नाही. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, करडं, गुलाबीसर झाक असलेलं. साल पातळ पापुद्र्यांनी सुटते. ऐनाची साल काळपट, जाड आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी चिरांची. वणवा अंगावरून गेला तरी मोठा ऐन सहसा तगतो, तो या सालीमुळे.

अर्जुन मुळात ओढ्याकाठचा. पावसाळ्यात पाणी साचणारा, चिकण मातीचा सखल कोपरा असेल, तर तिथे तोच लावा. रोप कुठल्याही रोपवाटिकेत मिळतं, वाढही बऱ्यापैकी जलद. शिवाय तो पूर्ण निष्पर्ण क्वचितच होतो. नवी दिल्लीत जनपथाच्या दुतर्फा त्याच्या रांगा लावल्या, त्यामागे सावलीचा हा हिशेब असणारच. एक उपद्रव मात्र आहे. साल हृदयविकारावर औषधी म्हणून लोक ती सोलून नेतात. रस्त्यालगतच्या अर्जुनाचं खोड माणसाचा हात पोचेल तिथवर खरवडलेलं दिसतं. साल सगळीकडून गोल सोलली, तर झाड मरतं. तेव्हा तो कुंपणाच्या आत लावलेला बरा.

ऐनाची बाजू सांगताना मी थोडा पक्षपाती होतो. घाटमाथ्यावर नि कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या फांद्या तोडल्या गेल्या. त्या भागातल्या बांधांवरचे बुटके, गाठाळ ऐन हे त्याचंच फळ. न तोडलेला ऐन तीस मीटरच्या घरात जातो. जुन्या घरांचे खांब-वासे त्याचेच. काही ऐन खोडात पाणीही साठवतात. २०२४ साली आंध्रातल्या पापीकोंडा उद्यानात वनखात्याने एका ऐनावरच्या फुगवट्याला छेद दिला, तर पाण्याची धारच लागली! ही माहिती तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींची. अंगणातल्या ऐनावर हा प्रयोग करू नका.

ऐनाचं वैगुण्य असं की ऐन उन्हाळ्यात, सावली हवी तेव्हाच, तो बोडका असतो, आणि वाढतो सावकाश. म्हणून बसायच्या कट्ट्याजवळ अर्जुन. पण डोंगरउताराची, पाणी न थांबणारी जमीन असेल आणि शेजारच्या रानात ऐन उभे असतील, तर रोपवाटिकावाला काहीही म्हणो, ऐनच लावा. तिथली माती आणि पाऊस त्याला मानवतात, याचा पुरावा समोरच आहे.

ऐनाचं रोप मिळणं जरा जिकिरीचं. उन्हाळ्याच्या तोंडाला पिकलेली फळं गोळा करा आणि गरजेपेक्षा पुष्कळ जास्त पेरा, कारण बरीचशी पोकळ निघतात. दोन्हींपैकी काहीही लावलंत तरी घरापासून निदान दहा मीटर लांब लावा, आणि वर विजेची तार नाही ना, हे खड्डा खणण्याआधी बघून घ्या.