पोत्याचं वजन कोण ठरवतं?

शंभर किलोचं एक पोतं एका खेपेत नेलं काय, की पन्नासाची दोन पोती दोन खेपांत नेली काय, माल तेवढाच हलतो. उलट दोन खेपांत हमालाला स्वतःचं वजनही दोनदा न्यावं लागतं. म्हणजे कागदावर मोठं पोतं फायद्याचं. पुण्याच्या भुसार बाजारात कित्येक वर्षं क्विंटलभराची पोती पाठीवरून गेली ती याच हिशेबानं. मणक्याचा हिशेब मात्र निराळा आहे.

वाकून उचलताना ओझं कंबरेच्या मणक्यापासून साधारण 40 सेंटिमीटर पुढे असतं आणि ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू जेमतेम 5 सेंटिमीटर मागे. तरफेच्या नियमानं 20 किलोंसाठी स्नायूंना 160 किलोंइतका जोर लावावा लागतो. तो सगळा मणक्यांमधल्या चकतीवर उतरतो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. पोतं पाठीला टेकलं की हे पुढचं अंतर जवळपास मिटतं. म्हणून ट्रकवरचे दोघं पोतं सरकवतात, खालचा पाठ देतो आणि किंचित पुढे झुकून चालू लागतो. कुठल्याही प्रयोगशाळेआधी हमालांच्या टोळीनं शोधलेली ही पद्धत आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे.

अडचण थप्पीच्या तळाशी येते. तिथलं पोतं जमिनीवरूनच उचलावं लागतं. दोघांनी धरलं तर शंभरातले पन्नास प्रत्येकाच्या वाट्याला. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनं 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही, उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा 23 किलो धरली आहे.

शिवाय हाड आणि चकती थकतात. पुन्हा पुन्हा दाब पडला की मणक्याच्या टोकाशी बारीक भेगा पडतात. दाब थोडा कमी केला तरी भेग पडेपर्यंत सोसता येणाऱ्या खेपा कितीतरी पटींनी वाढतात. म्हणून पन्नासाच्या दोन खेपा शंभराच्या एका खेपेपेक्षा पाठीला स्वस्त पडतात. चकतीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो, पोषण आजूबाजूनं झिरपून येतं. त्यामुळे तिची दुरुस्ती संथ, आणि हंगामात बाजार थांबत नाही.

नाना पेठेतल्या दवाखान्यात हमालांच्या पाठी पाहणारे डॉ. बाबा आढाव औषधावर थांबले नाहीत. त्यांच्या पुढाकारानं 1950च्या दशकात हमाल पंचायत ही हमालांची संघटना उभी राहिली, आणि पोतं 50 किलोंवर आणा ही तिची मागणी वर्षानुवर्षं राहिली. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतल्या, कंबरेला आधार देणाऱ्या खुर्च्यांच्या कितीतरी आधी पुण्यात झालेली ही अर्गोनॉमिक्सची चळवळ होती, तिला तसं कुणी म्हटलं नसलं तरी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1967 मध्ये एका प्रौढ पुरुषाच्या ओझ्यासाठी 55 किलोंची मर्यादा सुचवली. त्याच वर्षीचा कमाल वजनाचा करार भारतानं मान्य केला तो 2010 मध्ये.

वजनाइतकाच महत्त्वाचा 1969चा माथाडी कायदा. पाठ गेली की तिचा खर्च आडत्याच्या वहीत येत नाही. तो घरावर पडतो, बायकोच्या जास्तीच्या कामावर, मुलाच्या सुटलेल्या शाळेवर. हमालीवर लेव्ही बसवून, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि उपदान देऊन, या कायद्यानं तो खर्च थोडा तरी माल हलवून घेणाऱ्याकडे सरकवला. सामाजिक शाश्वतता हा जड शब्द मला इथे सर्वांत नीट कळतो.

50 किलो म्हणजे काही सुरक्षित आकडा नव्हे, तडजोडच. तो आणखी खाली येणं अशक्यही नाही. जुलै 2022 मध्ये 25 किलोंपर्यंतच्या छापील वेष्टनातल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागला आणि तांदळाच्या 26 किलोंच्या थैल्या बाजारात दिसू लागल्या. त्यामागे करबचत होती, पाठीचा विचार नव्हता. आता प्रश्न दराचा आहे. हमाली नगावर असेल आणि थैली लहान झाली म्हणून नगाचा दर अर्ध्यावर आला, तर घाईच्या दिवशी माणूस दोन थैल्या एकदम पाठीवर घेणार. तेव्हा टोळीनं दर मागायचा तो खेपेचा, किलोचा नव्हे.