मातीचा नंदी आणि प्रमाणबद्ध ट्रॅक्टर

रायपूरच्या पुरानी बस्तीसारख्या जुन्या वस्त्यांत पोळ्याच्या दिवशी मुलांच्या हाती चाके लावलेला मातीचा 'नंदिया बैल' येतो. शेतीचे साधन खेळण्यात उतरविण्याची ही जुनी रीत. शेतात बैलाची जागा ट्रॅक्टर घेऊ लागला, तसा तो खेळण्यांतही आला. आज जगभर अनेकजण ट्रॅक्टरच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा संग्रह करतात.

अमेरिकेतील आयोवा राज्यात फ्रेड अर्टल यांनी १९४५ मध्ये ॲल्युमिनियम वितळवून असे ट्रॅक्टर घडविण्यास प्रारंभ केला. १:१६ किंवा १:३२ हे आकडे प्रतिकृतीचे प्रमाण सांगतात. मूळ ट्रॅक्टर ३.२ मीटर लांब असल्यास पहिली २०, तर दुसरी १० सेंटीमीटर भरते. संग्रह एकाच प्रमाणाचा असल्यास लहानमोठ्या ट्रॅक्टरांतील खरा फरक नजरेस येतो.

मूळ रंग, सुटे भाग व खोका शाबूत असल्यास मोल वाढते. पुन्हा रंगविल्यास ते बहुधा घटते. खरेदीची तारीख व किंमत नोंदवहीत लिहावी, पावती जपावी. मात्र या छंदास गुंतवणूक समजू नये. मातीचा नंदी फुटला तरी पुढील पोळ्याला नवा मिळतो. जुना ट्रॅक्टर भंगारात गेला की त्याचे रूप हाताळण्यास उरते ते अशा प्रतिकृतीतच.