तापासह पोटदुखी म्हणजे नुसती अ‍ॅसिडिटी नव्हे

आमच्या चाळीतील एक गृहस्थ. वय पन्नाशीचे, मधुमेह जुना. एका रात्री त्यांच्या पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा सुरू झाल्या. थंडी वाजून ताप भरला, उलट्या थांबेनात. घरच्यांनी सोडा पाजला, सकाळी गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतले. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा निदान झाले, जठराच्या भिंतीतच पू झाला होता. ते वाचले, पण जठराचा काही भाग कापावा लागला.

या विकाराला 'फ्लेगमोनस गॅस्ट्रायटिस' म्हणतात. तो फार क्वचित होतो, कारण जठरातील तीव्र आम्लात बहुतेक जंतू मरतात. परंतु मधुमेह, दारूचे व्यसन, एचआयव्ही, कर्करोगावरील औषधे किंवा दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांनी प्रतिकारशक्ती खालावली, की जंतूंना वाट मिळते. पुष्कळदा ते स्ट्रेप्टोकोकस जातीचे असतात. काही जंतू तर भिंतीत वायू तयार करतात. हा प्रकार जर्मन डॉक्टर ओइगेन फ्रेंकेल यांनी १८८९ साली नोंदविला. २०२१ साली कोरोनानंतर ज्या 'काळ्या बुरशी'ने अनेकांचे डोळे घेतले, तीही क्वचित जठरात शिरते.

निदान अवघड का? कारण लक्षणे अल्सर, स्वादुपिंडाची सूज, कधी हृदयविकार यांच्यासारखीच दिसतात. म्हणून डॉक्टर ईसीजी व रक्त तपासतात. रक्तातील पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्या तर जंतुसंसर्गाची शंका बळावते. सीटी स्कॅनमध्ये जठराची जाड झालेली भिंत आणि तिच्यातील वायू दिसतो. त्यानंतर तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे एंडोस्कोपी करून, आतील सूज पाहतात व तुकडा तपासणीला पाठवितात. येथे एक मेख आहे. पू खोल थरात असतो, त्यामुळे वरवरचा तुकडा निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी डॉक्टरांनी पुन्हा, खोलवरचा तुकडा घ्यायचा म्हटले, तर "एकच तपासणी किती वेळा?" म्हणून भांडू नये. जंतूंचे औषध बुरशीवर चालत नाही, म्हणून नेमका शत्रू कोण हे कळलेच पाहिजे. मात्र जंतू वाढवून पाहण्याच्या अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. तोवर न थांबता शिरेतून प्रतिजैविके सुरू करतात.

बंधू-भगिनींनो, निदानाचा अर्धा भाग आपल्या हाती आहे. रोगी दारू पीत असेल तर लाजेपोटी लपवू नका. डॉक्टरांना खरे सांगण्यात बदनामी नाही, न सांगण्यात मात्र जिवाला धोका आहे. साखरेचे जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. रेशनकार्ड व आधारकार्डही घ्या आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

साधी अ‍ॅसिडिटी ताप आणीत नाही. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, ताप आणि उलट्या ही तीन लक्षणे एकत्र दिसली, त्यातून रोगी मधुमेही असला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रिक्षा बोलवा.