जुन्या ट्रॅक्टरचे मोल : अस्सल भागांची पारख

उत्तर आयर्लंडमधील काही व्यापारी बँकांना स्वतःच्या नोटा प्रसृत करण्याचा अधिकार आजही आहे. तेथील नॉर्दर्न बँकेने (सध्याची डान्स्के बँक) आपल्या वीस पौंडांच्या नोटेवर हॅरी फर्ग्युसन यांचे चित्र छापले. फर्ग्युसन हे डाउन परगण्यातील एका शेतकऱ्याचे पुत्र. ट्रॅक्टर आणि नांगर यांना एकजीव करणारी जोडणी त्यांनी शोधून काढली. बँकेच्या नोटेवर ज्याला मानाचे स्थान मिळाले, त्या माणसाचा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर आज जगभरातील संग्राहक शोधत असतात. शेताच्या बांधावर गंजत पडलेल्या यंत्रासाठी कोणी चांगली रक्कम का मोजावी, आणि मोजायचीच असेल तर काय पाहून मोजावी, या दोन प्रश्नांची उत्तरे समजून घेण्यास हा करडा ट्रॅक्टर उत्तम उदाहरण ठरतो.

एका जोडणीचा इतिहास

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ट्रॅक्टर नांगराला केवळ ओढून नेत असे. नांगराचा फाळ खडकाला वा मुळाला अडकला, की पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटण्याचा धोका असे. फर्ग्युसन यांनी खाली दोन व वर एक अशा तीन दांड्यांनी नांगर ट्रॅक्टरला जोडला आणि त्याची उंची हायड्रॉलिक दाबाने नियंत्रित केली. नांगराचा भार मागील चाकांवर आल्याने हलका ट्रॅक्टरही जमिनीला घट्ट धरून चालू लागला; आणि फाळ अडकल्यास वरची दांडी ट्रॅक्टरचे पुढचे अंग खाली दाबून धरू लागली. आज भारतातील कोणत्याही गावात ट्रॅक्टरच्या मागे ज्या तीन दांड्या दिसतात, त्यांचे मूळ या रचनेत आहे.

इ.स. १९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांच्यात केवळ हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ मध्ये अमेरिकेत फोर्ड ९एन हा ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे फोर्ड कंपनीच्या नव्या पिढीने हा करार मोडला. त्यातून उभा राहिलेला खटला १९५२ मध्ये तडजोडीने मिटला आणि फर्ग्युसन यांना ९२.५ लाख डॉलर मिळाले. लेखी करार नसला की काय घडते, याचा हा बोलका धडा होय. दरम्यान १९४६ च्या अखेरीस इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथील स्टँडर्ड मोटर कंपनीच्या बॅनर लेन कारखान्यातून फर्ग्युसन टीई-२० बाहेर पडू लागला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. एडमंड हिलरी यांनी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुव गाठला, तो याच जातीचे, पट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर हाकून.

वय नव्हे, अस्सलपणा

येथे प्रथमदर्शनी एक विसंगती दिसते. ज्या ट्रॅक्टरची संख्या पाच लाखांवर आहे, तो दुर्मीळ कसा? उत्तर असे की, ट्रॅक्टर दुर्मीळ नाही; जसा कारखान्यातून निघाला तसाच राहिलेला ट्रॅक्टर दुर्मीळ आहे. ट्रॅक्टर हे कष्टाचे यंत्र. मोडलेला भाग बदलताना शेतकऱ्याने मिळेल तो भाग बसवला, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. परिणामी सत्तर वर्षांनंतर एकाच यंत्रात चार निरनिराळ्या ट्रॅक्टरांचे अवयव आढळतात.

हिशेबशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर बहुतेक यंत्रांचे मूल्य घसाऱ्याने उतरत उतरत भंगारमूल्यापाशी स्थिरावते. तेथून ते पुन्हा वर चढते ते मोजक्याच यंत्रांच्या बाबतीत, आणि ही चढण यंत्राच्या कामावर नसून त्याच्या पुराव्यावर अवलंबून असते. मूळ क्रमांकाची पट्टी, मूळ इंजिन, मूळ पत्रा आणि मूळ कागदपत्रे हे त्या पुराव्याचे चार आधार आहेत.

अक्षरांची भाषा

फर्ग्युसनच्या क्रमांकपट्टीवरील अक्षरे वाचता आली, की निम्मे काम झाले. ‘टीई’ म्हणजे इंग्लंडमध्ये बनलेला ट्रॅक्टर. अमेरिकेत डेट्रॉइट येथे बनलेल्यास ‘टीओ’ म्हणत. प्रारंभीच्या साध्या टीई-२० मध्ये अमेरिकेहून आणलेले कॉन्टिनेन्टल इंजिन होते. स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन आल्यावर तो टीईए-२० झाला. टीईडी-२० हा रॉकेलसदृश स्वस्त इंधनावर, तर १९५१ मध्ये आलेला टीईएफ-२० डिझेलवर चालतो. म्हणून पट्टीवर टीई-२० आणि आत स्टँडर्डचे इंजिन असेल, तर इंजिन बदलले आहे किंवा पट्टी दुसरीकडून आली आहे, एवढे निश्चित समजावे. कोऱ्या नव्या पट्ट्या बाजारात विकत मिळतात, हेही लक्षात ठेवावे. पट्टीचे खिळे, तिच्यावरील ठशांची ठेवण आणि आजूबाजूच्या रंगाचे थर यांतून पट्टीचे खरे वय बहुधा कळून येते.

रंग हाही साक्षीदारच. शेतीच्या टीई-२० चा मूळ रंग करडा. लाल रंग मॅसी-फर्ग्युसनच्या पुढील काळातला असल्याने लाल रंगाचा टीई-२० दिसल्यास तो रंग नंतरचा समजावा.

लहान भाग, मोठे मोल

संग्राहकांच्या जगात मोठ्या भागांपेक्षा लहान भागच अधिक चकवा देतात. फर्ग्युसनबरोबर मिळणारा पाना हे त्याचे सुंदर उदाहरण आहे. ट्रॅक्टर व अवजारांच्या बहुतेक जुळवण्या या एकाच पान्याने करता येत. पान्याच्या अंगावर इंचांच्या खुणा असल्याने तोच मोजपट्टीसारखा वापरला जाई, आणि इंधनाच्या टाकीत बुडवून पातळी पाहण्यासही तोच उपयोगी पडे. पाना हरवणे सर्वांत सोपे. म्हणूनच मूळ पान्यासह, मूळ पुस्तिकेसह आणि मूळ नांगरासह मिळालेला ट्रॅक्टर वेगळ्याच पंगतीत बसतो.

अमेरिकेतील जॉन डीअर कंपनीचा ‘डी’ हा ट्रॅक्टर १९२३ ते १९५३ अशी तीस वर्षे बनत राहिला. त्यातील अगदी प्रारंभीच्या ट्रॅक्टरांना आऱ्यांचे फ्लायव्हील होते. पुढे ते भरीव झाले. केवळ या आऱ्यांमुळे प्रारंभीचा ‘डी’ संग्राहकांत विशेष मानला जातो. साहजिकच एखाद्या उत्तरकालीन ट्रॅक्टरला आऱ्यांचे चाक बसवून तो जुना भासवणे शक्य असते. अशा वेळी एका भागावर भुलून न जाता त्या भागाचा काळ आणि क्रमांकपट्टीचा काळ जुळतो का, हे ताडून पाहावे लागते.

जर्मनीतील मानहाइम येथील लान्झ कंपनीचा ‘बुलडॉग’ १९२१ मध्ये आला. एकच मोठा सिलिंडर आणि चालू करण्यापूर्वी दिव्याच्या ज्योतीने तापवावे लागणारे इंजिनाचे डोके, ही त्याची ओळख. याच धर्तीवर पोलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर उर्सुस सी-४५ तयार झाला. तोही संग्राह्य आहे. परंतु उर्सुस पाहून लान्झची किंमत मोजणे म्हणजे शुद्ध फसगत. मूळ आणि प्रतिकृती या दोहोंना आपापले स्थान असते. पैसे मात्र ज्याचे त्यालाच मोजावेत.

नवा रंग की जुनी खूण?

नवशिक्या संग्राहकाचा पहिला मोह म्हणजे यंत्र घासूनपुसून लखलखीत करणे. येथेच सर्वाधिक नुकसान होते. जुना रंग खरवडून काढला की कारखान्याच्या खुणा, चिटकवलेली चित्रे आणि यंत्राच्या आयुष्याची साक्ष कायमची नाहीशी होते. नवा रंग केव्हाही देता येतो. जुना रंग पुन्हा आणता येत नाही. म्हणून यंत्र मूळ स्थितीत शिल्लक असेल तर गंज थांबवणे, तेल-वंगण करणे आणि आहे ते जपणे हेच उत्तम.

दुरुस्ती अटळ असेल, तर काढलेला प्रत्येक मूळ भाग नावनिशीवार जपून ठेवावा. अमेरिकी फोर्ड ८एन या ट्रॅक्टरची मूळ विद्युत व्यवस्था ६ व्होल्टची आहे. सोयीसाठी अनेक मालक ती १२ व्होल्टची करतात. त्यात गैर काही नाही. मात्र काढलेला मूळ डायनामो भंगारात गेला, तर यंत्राचा एक पुरावाही त्याबरोबर जातो.

तपासणीत जुन्या यंत्राचा स्वभाव ठाऊक असणे महत्त्वाचे. टीई-२० मध्ये गिअरचा दांडा ठरावीक खाचेत नेल्यावरच इंजिन चालू होते आणि क्लच दाबला की हायड्रॉलिक उचल थांबते. हे दोष नव्हेत, मूळ रचना आहे. उलट इंजिनाचे तेल दुधाळ दिसत असेल, तर पाणी आत शिरत असल्याची ती धोक्याची सूचना होय. ब्लॉकवरील तडे, झाळकामाच्या खुणा आणि भार उचलून धरता न येणारी लिफ्ट यांची दुरुस्ती महाग पडते.

भारतातील दुवे

फर्ग्युसनची परंपरा भारतात १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीच्या मॅसी-फर्ग्युसन ट्रॅक्टरांतून आली. त्याआधी १९५९ मध्ये जर्मन सहकार्याने फरिदाबाद येथे आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला होता. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत ट्रॅक्टर कंपनी स्थापन केली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर जुन्या शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९७१ पासून हरियाणातील पिंजोर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटोरच्या सहकार्याने उत्पादन केले. दुर्गापूरच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत विकसित झालेला स्वराज १९७४ मध्ये पंजाबात अवतरला.

यांपैकी आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेकडे गेला. स्वराज बनवणारी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्रच्या हाती आली. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. कारखाना बंद झाला की मूळ भागांचा झराही आटतो. पंजाब, हरियाणा, माळवा वा विदर्भातील एखाद्या वाड्यात उभा असलेला जुना ट्रॅक्टर किलोच्या भावाने भंगारात देण्यापूर्वी त्याची पट्टी एकदा पुसून वाचावी, ती याचसाठी. एकदा कापलेले यंत्र कोणत्याही रकमेने परत मिळत नाही.

कागद आणि पैसा

भारतात शेतीचा ट्रॅक्टर बिगर-परिवहन वाहन म्हणून नोंदला जातो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. जुन्या ट्रॅक्टरवर बहुधा कधीतरी कर्ज घेतलेले असते. कर्ज फिटले, तरी नोंदणी प्रमाणपत्रावरील बँकेचा बोजा उतरवायचा राहून गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ सादर करून तो बोजा रद्द झाल्याखेरीज पैसे देऊ नयेत. मूळ मालक हयात नसल्यास सर्व वारसांची संमती घ्यावी.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. अशा वाहनांचा व्यापारी वापर करता येत नाही. आपले यंत्र या नियमांत बसवता येईल का, याची विचारणा परिवहन कार्यालयाकडे लेखी करावी.

आर्थिक बाजूने पाहता जुना ट्रॅक्टर व्याज देत नाही, लाभांश देत नाही आणि हवा तेव्हा विकताही येत नाही. वाहतूक, निवारा, दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा खर्च अनेकदा खरेदीच्या रकमेला मागे टाकतो. शेतीकर्ज हे उत्पादक कामासाठी असते; छंदाचा भार त्यावर टाकणे उचित नाही. हा छंद शिलकीतील रकमेतूनच करावा.

खरेदीपूर्वी ध्यानात ठेवावे असे काही :

१. क्रमांकपट्टी, इंजिनाचा क्रमांक आणि नोंदणी प्रमाणपत्र प्रत्यक्ष ताडून पाहावे.
२. त्या जातीच्या ट्रॅक्टरचे मूळ माहितीपुस्तक आधी मिळवावे, नंतर यंत्र पाहावे.
३. कोणते भाग मूळ व कोणते बदललेले, याची यादी विक्रेत्याच्या स्वाक्षरीने घ्यावी.
४. दुरुस्तीचा अंदाज जाणत्या मिस्त्रीकडून लेखी घेऊन मगच भाव ठरवावा.
५. व्यवहार बँकेमार्फत करावा. पावत्या, छायाचित्रे आणि काढलेले भाग जपून ठेवावेत.

जुना ट्रॅक्टर विकत घेणारा खरे पाहता एका यंत्राचा काही काळापुरता विश्वस्त होत असतो. त्याच्या आधी कोणी त्याने जमीन नांगरली, त्याच्यानंतर कोणी तरी त्याची पट्टी वाचणार आहे. मधल्या काळात त्या पट्टीवरील अक्षरे खरी ठेवणे, एवढेच काम त्याच्याकडे असते. आणि गुंतवलेल्या रकमेचे रक्षणही त्यातच आहे.