कृष्णाकाठचे वाचनालय

पुण्याकडून येणारा प्रवासी नीरा ओलांडून शिरवळास पोहोचला की सातारा जिल्ह्याची हद्द लागते. आणि तेथील जुनी दगडी पाणपोई पाहिली म्हणजे, वाटसरूच्या तहानेची तजवीज करणे हे आपल्याकडे किती पुरातन पुण्यकर्म होते, याची साक्ष पटते. ग्रंथांची अशी तजवीज व्हावयास मात्र छापखाना आणि इंग्रजी अंमल येईपर्यंत थांबावे लागले. पोथ्या त्यापूर्वीही विपुल होत्या; परंतु त्या मठांत, शास्त्र्यांच्या घरी आणि सरदारांच्या दप्तरांत रुमालांत बांधलेल्या असत, व तेथवर पोहोचण्यास अधिकार लागे. वर्गणी भरावी आणि पुस्तक घरी न्यावे, हा व्यवहार वरकरणी रुक्ष असला, तरी विद्येच्या जुन्या वहिवाटीला त्याने दिलेला धक्का लहान नव्हता.

रत्नागिरीस 1828, नाशकास 1840, पुण्यास 1848, असा या वाचनालयांचा क्रम लागतो. साताऱ्याचे राज्य 1848 साली खालसा झाले आणि अवघ्या चार वर्षांनी तेथे नगरवाचनालय स्थापन झाले. ज्या थोरल्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने 1839 मध्ये पदच्युत केले, त्यांचेच नाव ही संस्था आज मिरवते, हा काळाने उगविलेला सूडच म्हणावयाचा.

सांगलीची कथा निराळी. तेथे संस्थान शाबूत होते, आणि धुंडिराज चिंतामणराव ऊर्फ तात्यासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत, 1869 साली, नगरवाचनालयाचा आरंभ झाला. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये याच गावी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले होते. गोविंद बल्लाळ देवल लगतच्या हरिपूरचे. आणि 1872 साली सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर या वाचनालयाहून तीन वर्षांनी धाकटे. नाट्यपंढरी म्हणून या नगरीचा गौरव सर्वमुखी आहे; वाचनालयाचा तितकासा नाही. नाटकाला टाळ्या मिळतात, ग्रंथपालाला बहुधा विलंबशुल्कावरून घातलेली हुज्जत तेवढी मिळते.

अशा संस्थेचे मर्म पाहावयाचे तर कपाटांपेक्षा दाखल नोंदवही उघडावी. पुस्तक आले की त्यास अनुक्रमाने दाखल क्रमांक मिळतो. पुढे लेखक, प्रकाशक, किंमत आणि ते विकत आले की देणगीदाखल, याची नोंद होते. पुस्तक गहाळ झाले वा जीर्ण होऊन निर्लेखित झाले, तरी शेऱ्याच्या रकान्यात तेवढे लिहावयाचे. तो क्रमांक दुसऱ्या ग्रंथास द्यावयाचा नाही. देवघेवीच्या टेबलाशी कादंबरीसाठी ताटकळणाऱ्या वर्गणीदारास या वहीचे अस्तित्वही ठाऊक नसते. परंतु अमुक पिढीने काय विकत घेण्याजोगे मानले, हे तिच्याइतके प्रांजळपणे दुसरे कोणतेही दप्तर सांगत नाही.

कायद्याने आधार दिला तो पुष्कळ उशिरा. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. मद्रासने 1948 मध्ये ग्रंथालयांसाठी उपकर बसविला, आपण तसे केले नाही. आपल्याकडे वाचनालय लोकांच्या संस्थेने चालवावे आणि शासनाने मान्यता, दर्जा व परिरक्षण अनुदान द्यावे, अशी रचना ठरली. स्वायत्तता राखणारी ही योजना मला मनापासून पसंत आहे. मात्र हप्ता येईपर्यंत कर्मचाऱ्यांच्या पगाराची तोंडमिळवणी करणाऱ्या कार्यवाहांपुढे मी तिची स्तुती करणार नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये, म्हणजे सांगलीच्या वाचनालयाच्या दीडशेव्या वर्षीच, कृष्णा नगरात शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची. पाणी 57 फुटांच्या वर गेले, वाचनालयात घुसले, आणि ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग भिजून गेला. भिजलेले पुस्तक फुगते, दाटीवाटीच्या फळीत ते हाताने ओढून निघत नाही. गुळगुळीत कागदाची पाने वाळता वाळता एकमेकांस कायमची चिकटतात. आणि दमट उष्ण हवेत दोन-तीन दिवसांतच बुरशी धरते. पूर मात्र दोन-तीन दिवसांत ओसरला नाही. इटलीतील फ्लॉरेन्स नगरीवर 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नो नदीने असाच घाला घातला, तेव्हा तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाची ओली पुस्तके तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळविण्यात आली. ओले ग्रंथ तत्काळ गोठवून ठेवावेत, म्हणजे बुरशी थांबते व दुरुस्तीस अवसर मिळतो, ही रीतही त्यानंतरच्या वर्षांत रूढ झाली. निपाणीच्या तंबाखूची आणि शीतगृहांतल्या बेदाण्याची माहिती असलेल्या आपल्या मुलखाला यातले काहीच अपरिचित वाटू नये. उणीव आहे ती, कोणत्या शीतगृहाशी आगाऊ करार करावा आणि कोणती कपाटे प्रथम हलवावीत, हे कागदावर लिहून ठेवण्याची.

बुडालेल्या कादंबरीची नवी आवृत्ती मिळते. एकोणिसाव्या शतकातील मासिकाची फाईल मिळत नाही, आणि अनुदानाच्या हिशेबात दोन्ही पुस्तके एकाच संख्येत मोडतात. तेव्हा दुर्मीळ संग्रहाची संगणकीय प्रत करणे आणि मूळ प्रती वरच्या मजल्यावर नेणे, ही दोन कामे नव्या फर्निचराच्या ठरावाआधी कार्यकारी मंडळाच्या विषयपत्रिकेवर यावयास हवीत.